थोरल्याची हजेरी

वर्गात पोरांनी मध्येच तोंड उघडलेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून टाकते. रामनगरच्या माझ्या शाळेत खिडकीला लागून गोव्याचा रस्ता आहे. ट्रक गेला की फळा हादरतो आणि वर चव्वेचाळीस पोरं. एकानं प्रश्न विचारला की दहा जणांना चेव येतो. म्हणून मी दारातूनच डोळे वटारून आत शिरते. सतरा वर्षं माझा वर्ग गप्प आहे आणि तालुक्यात माझी ओळखच मुळी शिस्तीची बाई अशी आहे. अशा बाईला वरून काय काम यावं? तर प्राथमिक शाळांत हिंडून, कुठला वर्ग पोरांच्या सर्जनशीलतेला किती वाव देतो, ते मोजायचं. घ्या!

प्रशिक्षण गणेशगुडीला होतं, दोन दिवसांचं. बाहेर काळी नदीत रबरी होड्यांतून पाहुणे किंचाळत चालले होते आणि आत आम्ही पंखे नसलेल्या हॉलमध्ये पडद्यावरचा तक्ता बघत होतो. तक्त्याचे चार भाग. पोरं आपणहून किती प्रश्न विचारतात, हा पहिला. भिंतीवरची चित्रं वेगवेगळी आहेत की सगळी एकाच छापाची, हा दुसरा. पोरानं भलतंच उत्तर दिलं तर शिक्षक त्याला गप्प करतो की पुढं विचारतो, हा तिसरा. चौथा भाग गोष्टीचा. आपण दोन वाक्यं वाचायची आणि पुढची गोष्ट पोरांनी रचायची. पंधरा मिनिटांत जितक्या वेगळ्या कल्पना निघतील तितक्या खुणा. वाक्यं सगळ्या शाळांना एकच, कुठल्या तरी मोठ्या शहरात बसून कुणी तरी ठरवलेली: ‘एका जंगलात एक वाघ राहत होता. एक दिवस तो गावात आला.’

शिकवायला आलेले साहेब तरुण होते. म्हणाले, ‘तुम्ही थर्मामीटर आहात. थर्मामीटर पेशंटशी बोलत नाही. सुचवायचं नाही, वाक्य बदलायचं नाही, मान डोलवायची नाही.’ मला हे फारच पटलं. गप्प बसायचं आणि गप्प बसवायचं, यात माझा हात कोण धरणार? त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. चारपैकी एकाही भागात शून्य आलं तर तो वर्ग सगळ्यात खालच्या गटात जाणार. आणि टॅबमध्ये भरलेला तक्ता रेंज मिळाली की आपोआप वर जातो, एकदा गेला की त्याला कुलूप, मग कुणालाच बदलता येत नाही. मी दोन्ही वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

रामनगरच्या बाजूच्या शाळा आधी झाल्या. तिथल्या पोरांनी त्या वाघाला ट्रकात बसवून गोव्याला धाडलं, फॉरेस्टवाल्यांच्या जीपला बांधलं, एका पोरीनं तर त्याला बसस्टँडवरच्या हॉटेलात भजी तळायला बसवलं. मला आतून हसू फुटत होतं, पण चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. खुणा केल्या आणि निघाले. आमच्यातले काही जण ओळखीच्या शिक्षकानं चहा पाजला की दोन खुणा जास्त करायचे. मी शाळेतलं पाणीसुद्धा प्यायचे नाही. बाटली घरून न्यायची. केवढा तोरा होता मला त्या बाटलीचा, आता आठवलं की लाज वाटते.

जानेवारीत कुंभारवाड्याच्या पलीकडची एक शाळा माझ्या वाट्याला आली. रामनगरहून जोयडा, जोयड्याहून कुंभारवाडा, अशा दोन गाड्या केल्या आणि मग तासभर पायवाट. वाटेवर एक बाई झाडांखालच्या वाफ्यात कंद उकरत होती. तिकडं घराच्या मागं नाना तऱ्हेचे कंद लावतात आणि ते दिवस ते काढायचेच होते. मला बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘एकट्याच निघालासा?’ ती म्हणाली. ‘हातात काठी तरी घ्या, बाई. सोमवारी थोरला येऊन गेला. आमची कालवड न्हेली.’

मी मान डोलावली आणि बांधावरची काठी उचलली. थोरला म्हणजे कोण, हे मला विचारायची गरज नव्हती. त्या रानात त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की हाक मारल्यासारखं होतं आणि तो येतो. त्याच्या देवाला नारळ देतात, घरात त्याच्याविषयी बोलतात, पण नाव म्हणून नाही. माझं माहेर खानापूरच्या रानातलं. माझी आई जळणाला जायची तेव्हा तीही घेत नसे आणि मी लहानपणी एकदा चुकून घेतलं तर तिनं माझ्या तोंडावर चापट मारली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. पहिली ते पाचवी मिळून नऊ पोरं. शिकवायला अतिथी शिक्षिका, वर्षावर्षाला नेमणूक होणारी, पंचविशीतली मुलगी. शेजारच्याच वाडीतली होती आणि त्या वाडीत कॉलेज बघितलेली ती पहिली. माझ्यासाठी खुर्ची ओढणीनं पुसता पुसता तिनं मनातलं सांगून टाकलं.

‘अक्का, दहाच्या खाली पोरं असली की शाळा दुसऱ्या शाळंत मिसळत्यात. आमची नऊच हायती. ऑफिसात म्हणाले, वर्ग चांगला भरला तर ठेवू, न्हाई तर जूनपासून बंद. दुसरी शाळा म्हणजे व्हाळाच्या पल्याड पाच किलोमीटर, सगळी रानाची वाट. सोमवारपासून पोरं अंगणातसुद्धा एकटी उतरंनात. तिकडं कोण धाडणार? मुलगे तरी कुठं पावण्यांकडं ऱ्हातील. पोरी घरीच बसतील, अक्का.’

‘मी फक्त बघायला आलेय,’ मी थर्मामीटरच्या आवाजात म्हणाले.

ती दबकत म्हणाली, ‘शेवटाला गोष्ट असते म्हणं. कसली असते? पोरांना काय सांगत न्हाई मी, मला नुसतं कळू दे.’

‘ते आधी सांगायचं नसतं,’ मी म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण माझी जीभ! ‘नियम म्हणजे नियम,’ असंही वर ऐकवलं. त्या क्षणी मी ‘वाघाची आहे गं’ एवढं बोलले असते तर तिनं तिथंच कपाळाला हात लावला असता, आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्या डोक्यात थोरला एका कप्प्यात होता आणि तक्त्यातला वाघ दुसऱ्या कप्प्यात, आणि मधलं दार मी स्वतः लावून घेतलं होतं. तासाभरापूर्वी त्याच्यासाठी उचललेली काठी माझ्या खुर्चीला टेकून उभी होती, तरीसुद्धा.

वर्ग सुरू झाला आणि मी चाट पडले. खरं सांगते, मला थोडा रागच आला. त्या पोरीजवळ ना धड फळा, ना तक्ते. जमिनीवर पोरांनी आणलेले पाच तऱ्हेचे कंद मांडलेले होते आणि पोरं त्यांच्यावर तुटून पडली होती. चौथीतली एक मुलगी सगळ्यांत वाचाळ. नऊ वर्षांची असेल, दोन घट्ट वेण्या, मांडीवर पहिलीतल्या धाकट्या बहिणीला घेऊन बसलेली. वाटेवर भेटलेल्या बाईचीच ती लेक, हे मला तिच्या कमरेवर हात ठेवायच्या लकबीवरूनच कळलं.

‘बाई, ह्याला खाली अंधारात वर कुठं आणि खाली कुठं ते कसं कळतं?’ तिनं विचारलं.

माझ्या वर्गात असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, धड्यात आहे तेवढं बघ. ह्या शिक्षिकेनं कंद उचलून उलटा केला आणि म्हणाली, ‘मला न्हाई ठावं. आज एक उलटा पुरू या आणि एक सुलटा. काय व्हतं ते बघू.’ लगेच पोरं पुरायला जागा कुठली यावर भांडायला लागली. भिंतीवर पानांचे ठसे, मातीत कोरलेली घरं, एकासारखं दुसरं नाही. माझ्या खुणा भराभर होत होत्या. पहिल्या तीन भागांत त्या वर्गानं रामनगरच्या सगळ्या शाळांना मागं टाकलं, आणि मला माझ्या चव्वेचाळीस गप्प पोरांचे चेहरे दिसायला लागले. माझा वर्ग मोजायला कुणी आलंच नव्हतं, नशीब माझं.

मग गोष्टीची वेळ झाली. नियमाप्रमाणे शिक्षिका दाराशी जाऊन उभी राहिली. तिनं काही बोलायचं नाही, हेही नियमातच होतं. मी उभी राहिले आणि खणखणीत वाचलं, ‘एका जंगलात एक वाघ राहत होता. एक दिवस तो गावात आला.’ दोनदा वाचायचं असतं. मी दोनदा वाचलं.

खोलीतला आवाज असा गेला की बाहेर कोंबडी माती उकरत होती ते ऐकू यायला लागलं. नऊच्या नऊ पोरांनी आधी दाराकडं बघितलं. त्या वेण्यावाल्या मुलीनं मांडीवरच्या बहिणीच्या तोंडावर हात दाबून धरला, न जाणो ती पटकन माझ्यामागून तो शब्द म्हणेल.

तो हात बघितला आणि माझ्या डोक्यातलं मधलं दार धाडकन उघडलं. आईची चापट आठवली. अगं बाई, काय करून बसले मी हे! दाराशी शिक्षिकेनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नाही म्हणून. तिला वाटलं मला माहीत नाही. ती मला समजावत होती.

आणि मी गप्प बसले. पंधरा मिनिटं. माझं मन ओरडत होतं, अगं बोल, नाव बदल, ‘थोरला’ म्हण, कोल्हा म्हण, काही तरी म्हण आणि ह्या पोरांना सोडव. तोंड मात्र शिवल्यासारखं. वाक्य बदलायचं नाही. सुचवायचं नाही. मान डोलवायची नाही. मी टॅबवरचं घड्याळ बघत राहिले आणि मनातल्या मनात त्या पोरांना हात जोडत राहिले, की कुणी तरी एक अक्षर बोला रे. एकही बोललं नाही. माझ्यासारख्या शिस्तीच्या बाईलाही इतका गप्प वर्ग आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

शेवटी रकाना आला, कल्पनांची संख्या. रिकामा ठेवून बघितला, पुढं जाईना. का बोलली नाहीत ते लिहायला कुठं जागा आहे का बघितलं, नव्हती. मी शून्य भरलं. थर्मामीटरनं खरं तेच दाखवायचं असतं, असं स्वतःला सांगितलं. डोंबलाचं थर्मामीटर! ज्यानं ताप आणला तेच ताप मोजत होतं.

पोरं जेवायला पडवीत बसली. शिक्षिकेनं मला एवढंच विचारलं, ‘हे आता कधी जाणार, अक्का?’ मी म्हटलं, ‘वर गेल्यावर. रेंज लागली की.’ ती बरं म्हणाली आणि पोरांना भात वाढायला गेली. शून्याचा नियम तिला माहीत नसावा, किंवा माहीत असून ती बोलली नसेल. मी विचारायची हिंमत केली नाही.

निघताना ती मघाची बाई कंदांची पाटी डोक्यावर घेऊन वरच्या रस्त्यालाच चालली होती. तिच्यामागून जायचं ठरलं. तिची लेकही, ती वेण्यावाली, शिक्षिकेला विचारून आमच्याबरोबर निघाली. आई पुढं, मग मी टॅब हातात घेऊन, आणि माझ्या शेजारी ती. थोडं चाललो आणि तिनं मला चक्क दटावलं.

‘बाई, तुमी त्याचं नाव दोनदा घेतलासा.’

‘चुकलं गं माझं,’ मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका पोरीला असं म्हणाले असेन.

‘म्हणून कुणी बोललं न्हाई. गोष्ट येत हुती. मला तर तुमी वाचतानाच येत हुती. सांगू काय?’

‘सांग की.’

‘लिहिताय न्हवं?’ तिनं टॅबकडं बोट केलं.

‘व्हय,’ मी म्हटलं. ‘सांग तू.’

त्या वेळी माझा बेत पक्का झाला होता. रेंज वरच्या मोठ्या दगडाशी लागते, हे येताना मी बघून ठेवलं होतं. गावातली सगळी माणसं फोन करायला तिथंच येतात, नावच रेंजचा दगड. त्याच्या अलीकडं कुठं तरी बसायचं, शून्य पुसायचं आणि ह्या पोरीच्या गोष्टीत जितक्या कल्पना असतील तितक्या खुणा भरायच्या. गेला उडत तो नियम.

ती सांगायला लागली. थोरला म्हातारा झालाय, त्याला लांबचं दिसत न्हाई. फॉरेस्टवाल्यांनी वाटेवर पाटी लावलीया, तिच्यावर त्याचंच चित्र हाय आणि खाली काय तरी लिवलंय. ते आपल्याबद्दल काय लिवलंय, ते त्याला कळंना. रानात कुणाला विचारायचं? हरणाला विचारावं तर पळून जातं. म्हणून तो गावात आला. कालवडीला खायला न्हाई, वाचायला शिकायला आला. कालवड मध्ये आली ती आलीच.

मी बोटावर मोजत होते. एक, दोन, तीन. सवय जाते का?

तो शाळंत आला आणि मागं बसला. बाईंनी हजेरी घेतली. नऊ नावं झाली आणि बाई त्याला म्हणाल्या, तुझं नाव काय? तर त्याला नावच ठावं न्हाई. कुणी कधी घेतलंच न्हाई तर त्याला कसं कळणार? मग बाई वहीत काय लिवणार? थोरला रडायला लागला. तवा आमी म्हटलं, आमच्या नावातलं एक एक अक्षर घे. नऊ जणांनी नऊ अक्षरं दिली आणि त्याचं लांबच्या लांब नाव झालं.

चार, पाच, सहा. मी चालत होते आणि मला वाट दिसत नव्हती.

‘आता तो हजर म्हणंल तर सगळी भिऊन पळतील,’ ती पुढं सांगत होती. ‘म्हणून तो बोलत न्हाई. रोज सकाळी येऊन दाराम्होरं मातीत एक पाय उठवतो. तीच त्याची हजेरी. बाई तो पाय बघून वहीत खूण करत्यात. नऊ आणि एक, दहा. दहा झाली की शाळा बंद करत न्हाईत, बाई. आमच्या बाईंनीच सांगितलंय.’

आता भर, माझं मन म्हणालं. खाली बस आणि भर. पण दुसरं मन म्हणालं, संपू दे की, अजून दोन-तीन निघतील, एकदाच सगळ्या खुणा करू. मला ती गोष्ट पुरती मोजून हवी होती. एकही कल्पना सुटायला नको होती. किती हावरी गं तू, मी अजून आरशात बघून म्हणते.

‘मग एक दिवस,’ ती म्हणाली, ‘मोजायला बाई आल्या. लांबनं, काठी घेऊन. आणि त्यांनी—’

ट्रिंग.

हातातला टॅब थरथरला. मी वर बघितलं तर दगड माझ्या खांद्याला लागला होता. पडद्यावर हिरवी खूण आणि खाली दोन शब्द: तक्ता पोहोचला.

‘गेलं!’ ती पोरगी उड्या मारायला लागली. ‘आई, गेलं बघ! बाई, गेलं की!’ तिनं टाळ्या पिटल्या. तिची आईही मागं वळून हसली.

मी वेड्यासारखी बटणं दाबत सुटले. मागं गेले, पुढं गेले, बंद करून चालू केलं. सगळीकडं तेच छोटं कुलूप. मी दगडाच्या खाली पळत गेले, जणू रेंज सोडली की गेलेलं परत येणार होतं. ‘काय झालं, बाई?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘काही नाही.’ एवढंही खोटं बोलायला मला फार ताकद लागली. बाईनं पाटी रस्त्याकडंला उतरवली, माझी गाडी आली आणि पोरगी गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली. तिच्या गोष्टीत पुढं काय झालं, ते राहूनच गेलं.

त्यानंतर तीन वेळा मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. पहिल्यांदा विनवणी केली, दुसऱ्यांदा अर्ज दिला, तिसऱ्यांदा भांडले. तिथले साहेब वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत. वाईट असते तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

‘बाई, मला सगळं पटतं,’ ते म्हणाले. ‘पण मी वर काय कळवू? वाघाचं नाव घेतलं म्हणून शून्य पडलं?’

‘हो, तेच कळवा! तसंच झालंय!’ मी टेबलावर हात आपटला. पेपरवेट खाली पडला.

त्यांनी वाकून तो उचलला. ‘आणि उद्या सगळेच निरीक्षक आले आणि म्हणाले, आमचंही चुकलं, बदलून द्या, तर? पोरं वाटेत बोलली, घरी बोलली, असं प्रत्येक जण म्हणेल. तक्ता वर्गातलं मोजतो.’ मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ‘तुमचे तक्ते सगळ्यात स्वच्छ आलेत, बाई. वरून कौतुक झालंय. तुमच्या तक्त्यावर कुणी शंका घेणारच नाही.’

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. रामनगरची एक गाडी गेली, दुसरी गेली. मला रडूही येईना.

एप्रिलात बंद करायच्या शाळांची यादी लागली. शिक्षिकेनं रेंजच्या दगडावरून फोन केला. ‘अक्का, नाव आलंय आमचं,’ एवढंच म्हणाली. ती रडली असती, माझ्या नावानं खडे फोडले असते, तर सोसवलं असतं. तिनं उलट विचारलं, ‘जेवण झालं काय तुमचं?’ मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. पुढच्या वर्षी तिला नेमणुकीचं बोलावणं आलं नाही. आता ती बेळगावला कुणाच्या तरी दुकानात आहे म्हणे.

माझा वर्ग अजून चव्वेचाळीसांचाच आहे. मी आत शिरले की तो पूर्वीसारखाच गप्प होतो, आणि आता मला त्या गप्प बसण्याची धडकी भरते. परवा मीच म्हटलं, ‘अरे, विचारा की काही तरी!’ तर पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना वाटलं, बाईंचा हा नवा सापळा असणार. सतरा वर्षांचं काम एका दिवसात उलटत नाही.

यंदा कंद काढायच्या दिवसांत मी परत तिकडं गेले. कुणी पाठवलं नव्हतं, सुटी टाकून गेले. शाळेला कुलूप होतं, हे लोखंडाचं. पडवीत कुणी तरी भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या. खिडकीतून बघितलं तर भिंतीवर पानांचे दोन-चार ठसे अजून होते. नऊ पोरांपैकी चार वसतिगृहात गेली होती, तिघं मामाकडं. दोघी घरी.

त्या दोघी आईबरोबर वाफ्यातच होत्या. थोरली उकरत होती, धाकटी माती झाडत होती. एका वर्षात ती पोरगी केवढी उंच झाली होती, आणि केवढी गप्प. आईनं मला बसायला पोतं दिलं आणि पाणी आणायला घरात गेली. या वेळी मी ते प्यायले.

‘शाळेत जात नाहीस?’ मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न!

तिनं नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ कुदळीनं नुसती माती सारखी केली. मग मान खाली घालूनच म्हणाली, ‘बाई, माझी गोष्ट त्यांना आवडली न्हाई काय?’

‘कुणाला गं?’

‘वरच्यांना. त्या दिवशी गेली न्हवं? दगडावरनं. तुमी लिहित हुता. मग शाळा का बंद केली? कालवड खाल्ली असं म्हणायला नको हुतं काय? मी आता तसलं काय सांगत न्हाई कुणाला.’

वर्षभर ही पोर असं समजून चालली होती की शाळा तिच्या गोष्टीमुळं बुडाली. मी पोत्यावरून उठून तिच्याजवळ मातीत बसले आणि सगळं सांगितलं. गोष्ट गेलीच नव्हती, मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं, मी खोटं बोलले होते, गेलं ते शून्य होतं आणि ते माझ्या हातचं होतं. तुझी गोष्ट फार चांगली होती गं, फार चांगली, असं मी तीन-चारदा म्हटलं असेल. धाकटी माझ्याकडं टकमक बघत होती.

ती ऐकून घेत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही. कंदाला लागलेली माती बोटानं सोलत राहिली.

मला राहवलं नाही. ‘पुढं काय झालं होतं?’ मी विचारलं. ‘मोजायला बाई आल्या, आणि?’

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

‘बाईंनी दाराम्होरला पाय बघितला,’ ती म्हणाली. ‘तो कुणाचा ते त्यांना ठावं हुतं. खरं त्यांनी मोजली ती नऊच.’

मग तिनं कंद पाटीत टाकला, धाकटीचा हात धरला आणि दोघी पलीकडच्या वाफ्याला गेल्या.